माळ्यावरच्या बाटल्या आणि गिरगावातले मित्र

पत्राचा सारांश: विलेपार्ल्यात राहणारे, साठीला टेकलेले एक वाचक लिहितात की नोकरीच्या निमित्ताने परदेशवाऱ्या व्हायच्या, तेव्हाच्या पाच बाटल्या गेली दहा-बारा वर्षं त्यांच्या घरातल्या माळ्यावर आहेत. फ्रान्सच्या बोर्दोची 2005 ची लाल वाइन (बॉसने तिथेच भेट दिलेली), स्पेनच्या रिओहाची 2004 ची लाल ‘ग्रान रेझर्वा’, नाशिकची 2012 ची लाल शिराझ, नाशिकचीच 2014 ची पांढरी सोव्हिन्याँ ब्लाँ आणि ‘एक कसलीशी मदेरा, लिस्बनच्या विमानतळावर उरलेल्या युरोंत घेतलेली’. ते आणि गिरगावातल्या चाळीपासूनचे त्यांचे पाच मित्र दर महिन्याला एकाच्या घरी जेवायला जमतात. ज्याच्या घरी जेवण तो वरणभात करतो, बाकीचे एकेक पदार्थ आणतात. पुढची पाळी यांची आहे. ‘या बाटल्या त्यांच्यासोबत उघडाव्या, की मुलीच्या लग्नासाठी ठेवाव्या? एक जण वाइनला सरबत म्हणतो, एक जण सगळ्यात बर्फ टाकतो, एक जण घेतच नाही, त्याचं लालबागला मसाल्याचं दुकान आहे. त्यांना कदर असेल का? नेटवर पाहिलं तर बोर्दोची किंमत डोळे फिरवणारी आहे. आणि एवढं करून वाइन खराब निघाली तर माझी शोभा. बायको म्हणते, टाकून द्या, माळा तरी रिकामा होईल. ता. क. खास ग्लास आणावे लागतील का?’

नमस्कार.

प्रश्न तुम्ही बरेच विचारले आहेत, पण मला आधी माळ्याबद्दल बोलायचं आहे, कारण निम्मी उत्तरं तिथेच ठरतात. मुंबईच्या घरात माळा ही सगळ्यात गरम जागा. गरम हवा वर चढते, स्लॅब दिवसभर तापतो आणि एसीचा गारवा खाली पलंगापाशीच राहतो. वाइन मुरायला साधारण 12 ते 14 अंश तापमान लागतं, तेही वर्षभर फारसं न हलणारं. तापमान दहा अंशांनी वाढलं की बाटलीतल्या रासायनिक क्रिया दुप्पट वेगाने होतात, असा ढोबळ हिशेब आहे. शिवाय उन्हाळ्यात आतला द्रव फुगून बुचाला बाहेर रेटतो, गारवा आला की आकसतो आणि थोडी हवा आत ओढून घेतो. तुमच्या बाटल्यांनी असे दहा-बारा मे महिने काढले आहेत. नेटवर दिसलेली किंमत गार तळघरात झोपलेल्या बाटलीची आहे, तुमच्या नाही. हे वाईट वाटण्यासाठी सांगत नाही. ती किंमत डोक्यातून गेली की उरलेला निर्णय खूप सोपा होतो.

दुसरी समजूत अशी की जुनी म्हणजे चांगली. लोणचंसुद्धा मीठ आणि तेल पुरेसं असेल तरच मुरतं, नाहीतर बुरशी धरतं. वाइनलाही टिकायला काहीतरी आधार लागतो: तुरटपणा, आंबटपणा, साखर किंवा जादा अल्कोहोल. जगात बनणारी बहुतेक वाइन वर्ष-दोन वर्षांत, फार तर चार-पाच वर्षांत पिण्यासाठीच बनते. ज्या मोजक्या खरंच मुरतात, त्यांचंही मुरणं म्हणजे वजन वाढणं नव्हे. तुरटपणा आणि रंग देणारे घटक एकमेकांना धरून जड होतात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. जांभळा रंग विटकरी होतो. करवंद-जांभळाचा ताजा वास जाऊन मनुका, सुकं अंजीर, चामडं, तंबाखू, ओला पालापाचोळा अशा दिशेने सरकतो. चव हलकी, मऊ आणि नाजूक होते. व्हिस्कीची सवय असलेल्या माणसाला ती पहिल्या घोटात ‘पाणचट’ वाटू शकते, आणि त्याचं फारसं चुकलेलंही नसतं.

आता तुमच्या बाटल्यांकडे येऊ. पांढरी सोव्हिन्याँ ब्लाँ गेली असं धरून चाला. तिची सगळी मजा ताज्या, हिरव्या, आंबट वासात असते आणि ती पहिल्या दोन-तीन वर्षांतली. 2012 ची शिराझ कदाचित अजून उभी असेल, कदाचित शिजल्यासारखी झाली असेल. नाशिकच्या बऱ्याच बाटल्यांना फिरकीचं झाकण असतं. तुमच्या शिराझला तसं असेल तर बूच बिघडण्याचा प्रश्न उरत नाही, उष्णतेचा मात्र उरतो. बोर्दोचं 2005 हे नावाजलेलं वर्ष. त्या वर्षीच्या चांगल्या वाइन तुरट आणि भक्कम होत्या, म्हणून थोडी आशा ठेवायला जागा आहे. रिओहाची ग्रान रेझर्वा विक्रीला येण्याआधीच किमान पाच वर्षं मुरवलेली असते, त्यातली किमान दोन ओकच्या पिंपात. म्हणजे तुमच्या हाती आली तेव्हाच ती वयात आलेली होती. तिच्याबद्दल मी पैज लावणार नाही.

आणि मग ती ‘कसलीशी मदेरा’. पत्रात तुम्ही तिला सगळ्यात शेवटी, जवळजवळ माफी मागत घेतलं आहे. माझ्या मते तुमच्या घरातली सगळ्यात भरवशाची बाटली तीच. मदेरा हे अटलांटिक समुद्रातलं पोर्तुगालचं बेट. तिथली वाइन पूर्वी जहाजांतून अमेरिकेकडे, हिंदुस्थानाकडे जायची. समुद्रात नासू नये म्हणून तिच्यात द्राक्षांचीच दारू मिसळू लागले. पुढे लक्षात आलं की उष्ण कटिबंधातून महिनोन्‌महिने तापत गेलेली पिंपं परत आली, तर आतली वाइन बिघडण्याऐवजी सुधारलेली असते. मग हेच मुद्दाम करायला लागले. आजही साधी मदेरा टाक्यांमध्ये 45 ते 50 अंशांच्या आसपास किमान तीन महिने तापवतात. आणि चांगली मदेरा कुठे मुरवतात माहीत आहे? फुंशाल शहरातल्या वखारींच्या माळ्यांवर, उन्हाने तापणाऱ्या छपराखाली, वर्षानुवर्षं. विलेपार्ल्याच्या माळ्याने तिचं फारसं काही बिघडवलं नसणार. तिच्यात अल्कोहोल साधारण 18 ते 20 टक्के असतं आणि आंबटपणाही जबर, त्यामुळे आडवी ठेवली तर बूच कुरतडलं जातं. आडवी असेल तर आजच उभी करा.

मुलीच्या लग्नाचं म्हणाल, तर तिचा सध्या तसा विचारही नाही असं तुम्हीच लिहिलं आहे. बोर्दोसाठी तिने घाई करावी अशी अपेक्षा नसेल, असं मी गृहीत धरतो. लग्न ठरेल तेव्हा तिच्या आवडीची नवी बाटली आणता येईल. विकण्याचा विचार आला असेल, तर परवान्याशिवाय दारू विकणं आपल्याकडे बेकायदा आहे, आणि माळ्यावर ठेवलेली वाइन जाणकार घेणारही नाही. कुणाला भेट देणं म्हणजे आपली शंका दुसऱ्याच्या माळ्यावर ठेवणं. उरलं उघडणं.

कुणासोबत, या प्रश्नावर मात्र मी थोडा रेंगाळणार आहे. ‘त्यांना कदर असेल का?’ हे वाक्य तुम्ही पत्रात दोनदा लिहिलं आहे. त्याच पत्रात हेही लिहिलं आहे की इतकी जुनी वाइन तुम्ही स्वतः कधी चाखलेली नाही. मग कदर नेमकी कशाची व्हायला हवी आहे? वाइनची, की ती जिथून आली त्या प्रवासाची? मला वाटतं, तुम्ही चाळीतून निघून बरंच लांब गेलात, आणि त्या लांब जाण्याबद्दल या पाच जणांशी तुमचं कधी नीट बोलणंच झालेलं नाही. त्या बाटल्या तुमच्या वतीने ते बोलतील, अशी आशा आहे. आणि नेमकी तीच भीतीही: यांनी बर्फ टाकून पिऊन टाकली तर?

माझा अंदाज चुकीचा असू शकतो. पण बरोबर असेल, तर तो भार बाटलीवर टाकू नका. बोर्दोत बॉसने ती भेट कशी दिली, त्या वेळी तुम्ही किती बुजला होतात, फ्रेंच जेवणाच्या टेबलावर कुठला काटा आधी उचलायचा हे कसं कळेना, हे सगळं तोंडाने सांगा. ते ऐकायला या मंडळींइतके चांगले श्रोते तुम्हाला दुसरीकडे मिळणार नाहीत. किंमत मात्र सांगू नका. आधी नाही आणि नंतरही नाही. कुणी खोदून विचारलंच तर ‘भेट आली होती’ एवढं खरं उत्तर पुरे. तुमच्या जेवणाचा नियम बरोबरीचा आहे, प्रत्येकाचा एक पदार्थ. त्या रात्री वाइन हा तुमचा पदार्थ. वर्गणीचा विषयही काढू नका.

कदर शिकलेल्यांनाच असते, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. 1976 साली पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइन व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांपुढे लेबल झाकून फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन ठेवल्या. लाल आणि पांढरी, दोन्हींत पहिली आली ती कॅलिफोर्नियाची. मग म्हणणं असं पडलं की अमेरिकी वाइन तरुणपणीच बऱ्या, वय झाल्यावर फ्रेंचच जिंकतील. 2006 साली, तीस वर्षांनी, त्याच लाल वाइन पुन्हा झाकून चाखल्या गेल्या आणि पहिली आली कॅलिफोर्नियाच्याच रिज या वायनरीची 1971 ची माँते बेलो. झाकलेल्या बाटलीसमोर भलेभले आपलं नाक नव्याने वापरतात. तुम्हीही तेच करा. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, वर आकडे लिहा आणि मंडळींना सांगा की यातली एक नाशिकची, एक फ्रान्सची, एक स्पेनची आहे. ‘सरबत’ म्हणणारा मित्र पैज लावायला सगळ्यात आधी पुढे येईल.

दुकानातून नाशिकची आजच्या वर्षाची एक चांगली शिराझही आणा. ती दोन कामं करेल. जुनी खराब निघाली तर टेबल कोरडं राहणार नाही, आणि जुनी बरी निघाली तर दोन्ही शेजारी ठेवून वयाने नेमकं काय होतं ते एका घोटात कळेल. नुसती जुनी वाइन चाखून नवख्याला फारसं काही उमगत नाही, जोडीने चाखली की उमगतं. निम्म्या लोकांना नवीच जास्त आवडेल. आवडू द्या.

पाचही बाटल्या एका रात्रीत संपवायच्या नाहीत. घेणारे पाच जण आणि एक बाटली 750 मिलिलिटरची, म्हणजे हिशेबाने माणशी एक अख्खी बाटली होते, वर नवी आणलेली वेगळीच. साठीत बहुतेकांच्या रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या चालू असतात. प्रत्येक वाइनचे साठ-सत्तर मिलिलिटर पुरेत, नको वाटलं तर ओतून द्यायला टेबलावर एक भांडं ठेवा. गाडी कुणीही चालवणार नाही, हे आमंत्रणातच सांगून टाका.

तयारी आधीच्या आठवड्यात सुरू करा. एका साध्या मंगळवारी, जेवणाआधी, ती पांढरी बाटली फक्त तुम्ही दोघांनी उघडा. वहिनी दहा-बारा वर्षं त्या बाटल्या बाजूला सारून दिवाळीची साफसफाई करत आल्या आहेत, पहिला घोट त्यांचा. बहुधा रंग सोनेरी-तपकिरी असेल आणि वास कापलेलं सफरचंद तासभर उघडं राहिल्यासारखा. खराब झालेली वाइन कशी लागते ते एकदा खाजगीत कळलं की चारचौघांतली भीती बरीच ओसरते. आणि ती विषारी होत नाही, फक्त बेचव होते, हेही तिथेच कळेल.

शनिवारचं जेवण असेल तर लाल बाटल्या गुरुवारीच उतरवून, उभ्या करून, घरातल्या सगळ्यात गार आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. उतरवताना उजेडासमोर धरून पाहा. वाइनची पातळी मानेपासून बरीच खाली, खांद्याच्याही खाली गेली असेल, बूच वर आलेलं असेल किंवा वेष्टनाखाली चिकट ओघळ असतील, तर त्या बाटलीकडून अपेक्षा कमी ठेवा. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ असं म्हणतात ती खोली मुंबईतली नव्हे. आपल्याकडे जेवणाआधी सव्वा-दीड तास फ्रिजमध्ये, उभीच, ठेवली की 16 ते 18 अंशांच्या जवळपास येते.

जुनं बूच हा खरा शत्रू. दोन पात्यांचा ओपनर मिळतो, त्याची पाती बुचाच्या दोन्ही बाजूंनी सरकवून पीळ देत ते अख्खं बाहेर काढता येतं. तो आणता आला तर उत्तम. नाही मिळाला तर नेहमीचा स्क्रू अगदी हळू फिरवा. बूच तुटलं, तुकडे आत पडले, तरी तोंड पाडू नका. स्वच्छ मलमलच्या फडक्यातून गाळून घ्या, फक्त त्या फडक्याला धुण्याच्या पावडरीचा वास नको. मग काचेच्या जगमध्ये संथपणे ओता. मानेखाली मोबाइलची बॅटरी धरा, गाळाची काळी रेघ मानेपर्यंत आली की थांबा. तळाचा थोडा भाग बाटलीतच राहील, तो राहू द्या. हे सगळं पाहुणे बसल्यावर करा, तासभर आधी नाही. जुन्या वाइनचा वास हवा लागली की लवकर उडतो, कधी कधी अर्ध्या तासात.

आता जेवण. तुमच्या मंडळींच्या यादीत मटणाचा झणझणीत रस्सा आहे, तळलेले बोंबील आहेत आणि लसणाची चटणी आहे. यातलं काहीही बदलू नका, फक्त क्रम बदला. तिखटाने अल्कोहोल जास्त जळजळतं आणि तुरटपणा कडू होतो, त्यापुढे नाजूक जुनी वाइन उभी राहत नाही. लाल वाइन आणि तळलेली मासळी एकत्र आली तर तोंडात लोखंडासारखी चव येते. म्हणून आधी वाइन, सोबत साधा पाव, मीठ न लावलेले भाजलेले शेंगदाणे, आणि मटण आणणाऱ्याला सांगून रश्श्याआधी काढून ठेवलेलं आळणी मटण. त्याच्यासोबत बोर्दो किंवा रिओहा शाबूत असेल तर खरी खुलते. बाटल्या फिरून झाल्या की मग रस्सा, बोंबील, भात. मदेरा शेवटी. गोडसर असेल तर चिक्कीसोबत, आणि थंडीचे दिवस असतील तर गुळाच्या पोळीसोबत, तूप जरा हात राखून. तिच्यातच भाजलेल्या साखरेचा आणि सुक्या मेव्याचा वास असतो.

बर्फवाल्या मित्राला एवढीच विनंती करा की जुन्या वाइनचा पहिला घोट बिनबर्फाचा घे. दुसऱ्यात त्याने काय टाकावं हा त्याचा प्रश्न. आणि मसाल्याच्या दुकानवाल्या मित्राला कोकम सरबत देऊन कोपऱ्यात बसवू नका. चाखण्याचं मोठं काम नाकच करतं, आणि तुमच्या घोळक्यातलं सगळ्यात तयार नाक त्याचं आहे. दगडफूल जुनं की नवं हे वासावरून सांगणाऱ्या माणसापुढे ग्लास धरा. प्यायची गरज नाही. तो जे म्हणेल ते कागदावर लिहून ठेवा, मग बाकीच्यांना विचारा.

खराब निघाली तर? भिजून वाळलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बुचाचा दोष, तो महागड्यातल्या महागड्या बाटलीतही निघतो आणि त्यात तुमच्या माळ्याचा हात नाही. आटवलेल्या मनुकांसारखी, जॅमसारखी आणि पुढे काहीच नाही अशी लागली तर उष्णता. नाकात झिणझिण्या आणणारा आंबट वास आला तर व्हिनेगरच्या वाटेला लागली. प्रत्येक वेळी मोठ्याने सांगा, सगळ्यांना हुंगायला द्या, मग मोरीत ओता आणि पुढची बाटली घ्या. तुम्ही आमंत्रण देतानाच ‘दहा-बारा वर्षं माळ्यावर होत्या, निम्म्या गेल्या असतील’ असं सांगून ठेवलंत तर शोभा व्हायला काही उरतच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तेवढी एक ओळ टाका. चाळीतले मित्र आहेत, टर उडवतीलच, पण ती आधीच उडवून झालेली असेल.

मदेरा उरली तर बूच लावून उभी ठेवा. लाल वाइन दुसऱ्या दिवशी उतरते, ही उघडल्यावरही महिनोन्‌महिने टिकते, त्यामुळे पुढच्या महिन्यात ज्याच्या घरी पाळी असेल तिथे पिशवीत घालून नेता येईल.

ग्लास आणू नका. सगळ्यांना सारखे, पातळ काचेचे, आत नाक जाईल एवढ्या तोंडाचे, बिनरंगाचे असले की झालं. सहा एकसारखे घरात नसतील तर शेजाऱ्यांकडून घ्या. फक्त कपाटात बरेच दिवस बंद असतील तर आधी गरम पाण्याने धुऊन घ्या, नाहीतर पहिला वास डांबरगोळ्यांचा येईल आणि तुमचा लालबागचा मित्र तो सगळ्यांत आधी ओळखेल.